लाल रेघ उजवीकडे

ऑफिसात त्यांना सगळे रंगारी म्हणत. शर्टाच्या खिशात टोकं वर करून ठेवलेल्या सहा रंगीत पेन्सिली, आणि बोटांवर कायम पिवळा नाहीतर करडा डाग. पिवळा वाळूचा, करडा चिखलाचा, निळा चुनखडीचा. किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाखाली दोन-दोन किलोमीटर खोल तेलविहिरी खणल्या जात. त्यांतून वर आलेला खडक बघायचा, यंत्राने काढलेले नागमोडी आलेख बघायचे, खालचे थर ओळखून कागदावर रंगवायचे आणि एका विहिरीतला थर दुसऱ्या विहिरीतल्या थराशी रेघ मारून जोडायचा, हे त्यांचं काम. चौतीस वर्षं त्यांनी ते केलं आणि चांगलं केलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते त्या चांगल्या नावामुळेच घडलं.

या विद्येला पुस्तकात अनुक्रम-स्तरशास्त्र असं भारदस्त नाव आहे. रंगारी तिला ‘समुद्राची ये-जा’ म्हणत. नव्याने लागलेल्यांना ते सांगायचे, "समुद्र हा लहरी पाहुणा. येताना सांगत नाही, जाताना तर नाहीच. पण तो गेला की अंथरूण बघून कळतं, किती दिवस होता आणि कुठल्या कुशीवर झोपला होता." मग फळ्यावर काढून दाखवायचे. समुद्र आत येत गेला की पाणी खोल होतं, म्हणून थरांत खालून वर जाताना कण बारीक होत जातात, वाळूवर चिखल बसतो. समुद्र मागे हटत गेला की उलट, चिखलावर वाळू येते. आणि तो फारच मागे गेला तर तळ उघडा पडतो, नद्या त्यात दऱ्या कोरतात आणि पुढे त्या दऱ्या वाळूने भरतात. तेल सापडायचं ते अशा वाळूत. समुद्र निघून गेल्याची ती पातळी रंगारी जाड जांभळ्या पेन्सिलीने दाखवत. त्यांची जांभळी रेघ पडली की वरचे साहेब पुढची विहीर कुठे घ्यायची ते ठरवायला बसत. इतका विश्वास.

गावाबाहेर पत्र्याच्या छपराची एक लांबलचक शेड होती. तिथे मांडणीवर हजारो लाकडी पेट्या, आणि पेट्यांत विहिरींतून अखंड कापून काढलेला खडक, मनगटापेक्षा जाड दंडगोलांचे तुकडे. याला कोअर म्हणतात. हे तुकडे उभे चिरून, सपाट बाजू वर करून पेटीत ओळीने मांडतात, सगळ्यात वरच्या थराचा तुकडा डाव्या टोकाला. खडकाला बिचाऱ्याला डोकं-पाय नसतात, म्हणून वर येताक्षणीच प्रत्येक तुकड्याच्या गोल पाठीवर दोन उभ्या रेघा ओढतात, एक लाल आणि एक काळी. तुकडा सुलटा उभा धरला की लाल रेघ उजवीकडे आली पाहिजे. शेड सांभाळणाऱ्या मामांनी हे वाक्य भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: लाल रेघ उजवीकडे. त्याखाली दुसरं वाक्य होतं: तुकडा उचलायचा असेल तर मला हाक मारा.

एकोणीस वर्षांपूर्वी, सहा नोव्हेंबरला, बुधवारी दुपारी रंगाऱ्यांनी मामांना हाक मारली नाही.

मामा त्या दिवशी रजेवर होते आणि दुसऱ्या दिवशी अकराला मोठी बैठक होती. ओला खडक कोरड्यापेक्षा स्वच्छ दिसतो, म्हणून रंगाऱ्यांनी अकरा नंबरच्या पेटीतले नऊ तुकडे स्वतःच सिंकमध्ये धुतले. सिंक टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. तिकडेच उभं राहून त्यांनी ते तुकडे डावीकडून उजवीकडे, ओळीने, पेटीत परत मांडले. समोरच्या बाजूने जेवणाची ताटं मांडली तर वाटी जशी भलत्या हाताला येते, तसं झालं. आख्खी पेटी उलटी लागली. पाठीवरच्या रेघा खाली दडलेल्या, त्यामुळे कुणाला दिसण्याचा प्रश्न नव्हता.

मग ते अलीकडे येऊन नोंद करायला बसले आणि त्यांचं मन हरखून गेलं. खाली चिखल, वर वाळू, सगळ्यात वर गोटे! समुद्र मागे हटत हटत पार निघूनच गेला होता. गेले चार महिने ते हेच म्हणत होते. आता जवळच कुठेतरी वाळूने भरलेली दरी असणार, यात शंकाच नको.

एक गोष्ट मात्र खटकली. चिखलात प्राचीन किड्यांची बिळं होती, नरसाळ्याच्या आकाराची. किडा तळाच्या वरून खाली बीळ करतो, त्यामुळे नरसाळ्याचं तोंड वर असायला हवं. इथे सगळी तोंडं खाली होती. रंगाऱ्यांनी भिंग लावून पाहिलं. एक तुकडा उचलून पाठ पाहिली असती तर पाच सेकंदांत उलगडा झाला असता. त्यांनी उचलला नाही. नोंदीत लिहिलं, ‘बिळं असामान्य दिशेची’, आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत एकच माणूस आडवा आला. सूक्ष्मदर्शकाखाली खडकातले मोहरीहून लहान शिंपले ओळखणाऱ्या बाई. बोलायला सावकाश, कामाला पक्क्या. खणताना विहिरीत सोडलेल्या पातळ गाऱ्याबरोबर वर येणारा खडकाचा चुरा दर तीन मीटरला गोळा करतात, तो त्या तपासत. त्यांच्या नमुन्यांचा पेटीशी काही संबंध नव्हता. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या शिंपल्यांप्रमाणे वर जाताना पाणी खोल होत गेलंय. समुद्र गेलेला नाही, आत आलाय. कोअर एकदा परत बघावी असं मला वाटतं."

रंगाऱ्यांच्या मनात बिळांची खाली वळलेली तोंडं क्षणभर येऊन गेली. आणि तीच झटकून टाकायला असेल, ते हसले. म्हणाले, "समुद्र केव्हाच घरी गेला, बाई. तुमचे किडे तेवढे मागे राहिले. शेवटची बस चुकली वाटतं त्यांची!"

खोली खदखदून हसली. वरचे साहेब तर डोळे पुसत होते. बाई खाली बसल्या आणि कागद फाईलमध्ये घालून त्यांनी फाईलची नाडी बांधली. सावकाश, दोनदा गाठ मारून.

त्या दिवसापासून त्यांचं नाव ‘शेवटची बस’ पडलं. त्या कँटीनमध्ये शिरल्या की कुणीतरी म्हणायचं, "चला रे, बस लागली." काही दिवसांनी त्या कँटीनमध्ये यायच्या बंद झाल्या. पुढच्या वर्षी त्यांना तळघरातल्या जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलं आणि सूक्ष्मदर्शक दुसऱ्याला दिला. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या.

नवी विहीर जांभळ्या रेघेच्या भरवशावर खणली. चौदा आठवडे खणली. दरी नव्हती, वाळू नव्हती, नुसता चिखल. कुणी कुणाला बोल लावला नाही. साहेब म्हणाले, जमिनीखालचं कुणाला दिसतंय? पण रंगाऱ्यांना चैन पडेना. त्यांनी शेडमध्ये जाऊन अकरा नंबरची पेटी काढली आणि पहिला तुकडा उचलून पाठ पाहिली. लाल रेघ डावीकडे. दुसरा, तिसरा, नऊच्या नऊ. शेडच्या दुसऱ्या टोकाला मामा पाठमोरे झाडत होते. रंगाऱ्यांनी तुकडे गुपचूप सुलटे लावले, पेटी मांडणीवर सरकवली आणि हात धुतले. नोंद मात्र तळघरात होती, बाईंच्या ताब्यात. ती दुरुस्त करायची तर त्यांच्याकडेच मागावी लागली असती. रंगारी तळघराच्या जिन्यापर्यंत दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांना वर काहीतरी काम आठवलं.

अशी सोळा वर्षं गेली.

रंगारी निवृत्त झाले. त्यांना हारतुरे, भाषणं, सगळं मिळालं. दोन वर्षांनी एका मंगळवारी नव्या प्रमुखाचा फोन आला. हा चाळिशीचा, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. "सर, त्या जुन्या विहिरीशेजारी परत खणायचा विचार आहे. जरा शेडवर येता? एक गंमत दाखवतो."

रंगारी सव्वादहाला पोचले. अकरा नंबरची पेटी टेबलावर, शेजारी त्यांच्या हस्ताक्षरातली नोंद, भोवती प्रमुख आणि त्याच्या तुकडीतले दोघं. मामा जरा मागे, हात पुसत उभे. मामांच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते.

"बघा सर," प्रमुख म्हणाला, "तुमच्या नोंदीत खाली चिखल, वर वाळू. पेटीत उलटं. म्हणजे मधे कधीतरी पेटी फिरली."

"तुकड्यांच्या रेघा बघितल्या का?" रंगाऱ्यांनी विचारलं.

"बघितल्या. लाल उजवीकडेच आहे. पण सर, रेघा मारणारे चुकू शकतात. तुम्ही चुकाल का?" प्रमुखाने मान वळवली. "काय मामा, कधी फिरवलीत?"

"मी नाही हात लावला, साहेब."

"मग काय पेटी आपल्या पायांनी फिरली?"

तुकडीतले दोघं हसले. तेच हसू होतं ते. एकोणीस वर्षांनी, दुसऱ्या तोंडांतून. रंगाऱ्यांनी बोलायला तोंड उघडलं. आणि जे बाहेर पडलं ते हे, "जाऊ दे, होतं असं कधी कधी. माणसाच्या हातून चूक होते."

म्हणजे मामांसाठी रदबदली केल्यासारखं! प्रमुख म्हणाला, "सर, तुमचं मन मोठं आहे," आणि मामांना पेटी नोंदीबरहुकूम लावायला सांगितलं. मामांनी एकेक तुकडा उचलला आणि उलटा ठेवला, नऊच्या नऊ. रंगाऱ्यांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. निष्काळजीपणाबद्दलचा मेमो त्यांच्या हातात दुपारीच पडला, तोही रंगाऱ्यांच्या समोर.

संध्याकाळी ताटावर बसून रंगारी भात नुसता चिवडत होते.

"अहो, काय शोधताय त्यात? तेलविहीर लागणार आहे का?" बायको म्हणाली.

ते हसले नाहीत. मग त्यांनी सांगितलं. सिंक, पलीकडची बाजू, उलटे तुकडे, बाईंवर केलेला विनोद, गुपचूप सुलटी केलेली पेटी, आजचा मेमो. बिळांचं तेवढं सांगितलं नाही. ‘हात चुकला’ असं म्हणाले.

बायकोने पाण्याचा पेला खाली ठेवला. "एकोणीस वर्षं तुम्ही जेवताना गप्प बसता, आणि मी तुम्हाला पित्ताची गोळी देतेय!" मग म्हणाली, "आणि मामांच्या तोंडावर म्हणालात, होतं असं?"

"हो."

"त्यांच्याच हातून उलटं लावून घेतलंत?"

"हो गं."

"मला नका सांगू ‘हो गं’. शेड किती वाजता उघडते?"

"नऊला."

"मग साडेआठला निघा."

बुधवारी नऊ वाजता ते शेडलगतच्या प्रमुखाच्या खोलीत उभे होते. त्याने सगळं ऐकलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, बरं झालं सांगितलंत. मी मेमो मागे घेतो, नोंद बदलून टाकतो. हे चार भिंतींत राहील. तुमच्या नावाला धक्का नको."

मोह किती गोड असतो! रंगाऱ्यांना वाटलं, घ्यावा हा हात आणि घरी जावं. पण दाराच्या काचेतून मामा दिसत होते, कालचा मेमो खिशात चौकोनी घडी करून ठेवलेले. ते म्हणाले, "नाही. काल जे हसले त्यांना शेडमध्ये बोलवा."

शेडमध्ये त्यांनी सांगितलं. तुकडीतले दोघं जमिनीकडे बघत राहिले. मामा पुढे झाले आणि तुकडे सुलटे लावायला लागले. लावता लावता म्हणाले, "सिंक तिकडे आहे म्हणून झालं ते. तुम्ही नंतर परत लावलेत ना, साहेब, तेव्हा मी झाडत होतो."

"तुम्हाला ठाऊक होतं? मग काल बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो." मामांनी शेवटचा तुकडा बसवला आणि फडक्याने कड पुसली. "रात्र गेली मधे. जाऊ द्या."

हे ‘जाऊ द्या’ रंगाऱ्यांना मेमोपेक्षा जड गेलं.

त्यांनी दोन दिवस बसून नवी नोंद लिहिली, सुवाच्य अक्षरात, रंग भरून. जांभळी रेघ काढून टाकली. खाली लिहिलं, ‘पूर्वीची नोंद पेटी उलटी लावल्यामुळे चुकीची होती. चूक माझी.’ सही केली. आणि शनिवारी चार वाजता ते बाईंच्या दारात उभे राहिले.

बाई धाकट्या बहिणीकडे राहत. बहिणीनेच दार उघडलं. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, जाड चष्मा लावून. आयुष्यभर भिंगातून बघितलेले डोळे आता दुखणं घेऊन बसले होते.

"या," त्या म्हणाल्या. "जिना चढून आलात? तळघराचा उतरायला जमला नाही कधी."

रंगारी खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांनी सांगायचं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर होतं."

"ते मला माहीत आहे. माझं बरोबर होतं हे सांगायला तुम्ही कशाला हवेत?" बाईंनी बहिणीकडे मान वळवली. "अगं, हे फार विनोदी बोलतात. आमच्या बैठकीत सगळे पोट धरधरून हसले होते. सांगा ना हिला तो विनोद."

"बाई, नको."

"सांगा. हिने ऐकलेला नाही. मी घरी कधी सांगितला नाही."

रंगाऱ्यांनी सांगितला. समुद्र घरी गेला, किडे मागे राहिले, शेवटची बस चुकली. त्या छोट्या खोलीत ते शब्द टेबलावर सांडलेल्या चहासारखे पसरले.

बहीण वाट बघत होती. मग म्हणाली, "बरं, मग? हसायचं कुठे?"

"हसायचं... म्हणजे तेव्हा..." रंगाऱ्यांनी नव्या नोंदीचा कागद मांडीवर सरळ केला. "हसण्यासारखं काही नव्हतं त्यात."

"मग लोक का हसले?"

"मी हसलो म्हणून."

बाईंनी हात पुढे केला आणि नवी नोंद मागितली. खिडकीच्या उजेडात धरून, भिंग लावून त्या वाचू लागल्या. एकेक ओळ, बोट ठेवून. बहिणीने केलेला चहा निवला तरी वाचन चालूच. एके ठिकाणी बोट थांबलं, परत वर गेलं, परत खाली आलं.

"बिळं कुठे आहेत?"

"कुठली बिळं?"

"पहिल्या नोंदीत होती. बिळं असामान्य दिशेची." बाईंनी भिंग खाली ठेवलं. "ती नोंद माझ्याच कपाटात होती ना, पंधरा वर्षं. त्या खोलीत दुसरं काम काय होतं मला? पहिल्याच आठवड्यात वाचली. तुमचा हात चुकला हे कळलं. हात कुणाचाही चुकतो. पण डोळ्यांनी बघितलेलं होतं तुम्ही. मी बैठकीत उभी राहिले तेव्हा तुम्हाला ते आठवलं होतं का?"

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. रंगारी आपल्या बोटांवरच्या पिवळ्या डागाकडे बघत होते. बायकोला नाही, प्रमुखाला नाही, मामांना नाही, हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"आठवलं होतं," ते म्हणाले.

"मी वाट बघायचे जिन्यावर पावलं वाजली की," बाई म्हणाल्या. "सहा-सात वर्षं बघितली. मग सोडून दिलं." त्यांनी बहिणीला खूण केली. बहिणीने पेन आणून रंगाऱ्यांपुढे ठेवलं. "ती ओळ गाळू नका. लिहा."

"काय लिहू?"

"जे दिसलं ते. तुम्ही नव्या लोकांना हेच शिकवायचात ना?"

रकान्यात जागा उरली नव्हती. रंगाऱ्यांनी कागद आडवा केला आणि समासात लिहिलं, ‘बिळांची तोंडं खाली होती. मला दिसली होती.’ अक्षर वेडंवाकडं आलं, चौतीस वर्षांत आलं नव्हतं इतकं. त्यांनी कागद बाईंपुढे सरकवला. बाईंनी भिंगातून ती दोन वाक्यं वाचली आणि कागद परत सरकवला.

"तारीख घाला," त्या म्हणाल्या. "आजची नको. दिसली त्या दिवसाची."

रंगाऱ्यांना आठवायला थांबावं लागलं नाही. त्यांनी लिहिलं, सहा नोव्हेंबर, बुधवार.